निर्वासितांचे स्थलांतर व संघर्षप्रसार

युद्ध वा वंशसंहार यांमुळे परागंदा झालेल्या लोकांबरोबर सशस्त्र गटही सीमा ओलांडून गेल्यास मूळ संघर्ष आश्रयदात्या देशात पसरतो. निर्वासितांच्या संख्येपेक्षा नागरिक व सैनिक यांची सरमिसळ अधिक धोकादायक ठरते. रूआंडा-झाईरे (विद्यमान काँगो लोकशाही प्रजासत्ताक) हे याचे ठळक उदाहरण होय.

रूआंडात एप्रिल ते जुलै १९९४ दरम्यान सु. ८ लाख लोकांची, मुख्यतः तुत्सींची, हत्या झाली. तुत्सीप्रधान ‘रूआंडन पेट्रिऑटिक फ्रंट’ विजयी होताच १० लाखांहून अधिक हुतू झाईरेच्या कीव्हू प्रदेशात गेले. त्यांत वंशसंहार घडवून आणणारे सैनिक व इंटरहाम्वे ही सशस्त्र टोळीही होती. आश्रयस्थान सीमेपासून पुरेसे दूर असावे, हे आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या करारातील (१९६९) तत्त्व असूनही गोमा परिसरातील छावण्या सीमेनजीक वसल्या. पटकीने तेथे हजारो निर्वासित दगावले. सशस्त्र पुढाऱ्यांनी मदतवाटप ताब्यात घेतले, परतू इच्छिणाऱ्यांना धाक दाखविला आणि रूआंडावर हल्ले चालविले.

रूआंडाचा पाठिंबा असलेल्या बंडखोरांनी १९९६ मध्ये छावण्या उद्ध्वस्त केल्या. लाखो निर्वासित मायदेशी परतले. पश्चिमेकडे पळालेल्यांपैकी अनेक जण मारले गेले. मे १९९७ मध्ये मोबूटूंची राजवट कोसळली. १९९८ मध्ये पुन्हा पेटलेल्या युद्धात अनेक शेजारी राष्ट्रे ओढली गेली.

सैनिकांना सीमेवरच निःशस्त्र करून वेगळे ठेवणे, हे यजमान राष्ट्राच्या सुरक्षिततेइतकेच निरपराध निर्वासितांच्या रक्षणासाठीही आवश्यक असते.