वंशावळ

एखाद्या मूळपुरुषापासून खाली उतरत आलेल्या, किंवा एखाद्या हयात व्यक्तीपासून वर चढत गेलेल्या पिढ्यांची क्रमवार मांडणी म्हणजे वंशावळ. हीच मांडणी रेषांच्या आकृतीने दाखविली म्हणजे तिला वंशवृक्ष म्हणतात. वंशावळीला व्यक्तींचे चरित्र, मूळ गाव, कुलदैवत, स्थलांतर इ. माहितीची जोड दिली म्हणजे कुलवृत्तांत तयार होतो. वारसा, वतन, विवाहसंबंध व श्राद्धकर्म या चार गोष्टींसाठी वंशावळ जपण्याची प्रथा महाराष्ट्रात पूर्वापार आहे.

साधने : तीर्थक्षेत्री यात्रेकरूंची नावे लिहून घेणाऱ्या उपाध्यांच्या वह्या हे वंशावळीचे एक जुने साधन होय. नासिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया व हरद्वार येथील वह्या या दृष्टीने प्रसिद्ध आहेत. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या जिल्ह्यांत हेळवी गावोगाव फिरून कुळांच्या पिढ्या सांगतात. नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत कोतवाल पंजीतील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांची दाखल-खारीज पुस्तके, जमाबंदीचे कागद व फेरफार नोंदी यांचा उपयोग होतो. या भागात मालगुजारी पद्धत असल्याने गावाची मालकी सोळा आणे धरून तिचे हिस्से भाऊबंदांत आणे-पैंनी वाटले जात. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने ही पद्धत ३१ मार्च १९५१ पासून संपुष्टात आली. तथापि हिश्श्यांच्या जुन्या नोंदींवरून कोणत्या शाखेत किती वारस होते, हे आजही पडताळून पाहता येते.

मांडणी : वंशावळीचे आरोही व अवरोही असे दोन प्रकार पडतात. आरोही वंशावळीत एका व्यक्तीचे पूर्वज दाखवितात. तीत पिढीगणिक संख्या दुप्पट होते व दहाव्या पिढीत १,०२४ पूर्वजस्थाने येतात. यांसाठी यूरोपात १५९० मध्ये मिखाएल आयट्सिंगर याने वापरलेली क्रमांकपद्धती सोपी आहे : मूळ व्यक्तीस १, पित्यास २ व मातेस ३ हे क्रमांक देतात, कोणाही व्यक्तीच्या पित्याचा क्रमांक तिच्या क्रमांकाच्या दुप्पट आणि मातेचा त्याहून एकाने अधिक असतो. अवरोही वंशावळीत एका मूळपुरुषाची सर्व संतती येते. तीत मूळपुरुषास १, त्याच्या अपत्यांस १.१, १.२ आणि १.२ च्या तिसऱ्या अपत्यास १.२.३ असे क्रमांक दिल्यास व्यक्तीची पिढी आणि शाखा क्रमांकावरूनच कळते.

क्रमांकाची गरज मुख्यतः नामसाम्यामुळे भासते. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या रूढीमुळे एकाच घराण्यात तीच नावे पुनःपुन्हा येतात. नागपूरकर भोसल्यांत रघूजी नावाचे तीन राजे झाले. पहिल्या रघूजीच्या पित्याचे नाव बिंबाजी होते व छत्तीसगढात कारभार करणाऱ्या त्याच्या मुलाचेही नाव बिंबाजीच होते. परसोजी, मुधोजी व जानोजी ही नावेही या घराण्यात एकाहून अधिक वेळा आढळतात. म्हणून व्यक्तीची ओळख नावावरून न करता पिता, काळ व स्थळ या तिन्हींच्या मेळावरून करावी लागते.

विभागणी : सात-आठ पिढ्यांनंतर अवरोही वंशावळ एका पत्रकात मावत नाही, ती तोडणे भाग पडते. ही तोड कागदाच्या मापाने न करता घराण्याच्या फाट्यावर करावी, हे विभागणीचे मुख्य तत्त्व होय. ज्या पिढीत भाऊ वेगळ्या गावी गेले, वतन वाटले गेले किंवा आडनाव बदलले, तेथे नवी शाखा धरतात. शाखेचा आद्य पुरुष दोन्ही पत्रकांत त्याच क्रमांकाने दाखवितात : मूळ पत्रकात अखेरचा व शाखापत्रकात पहिला. कोकणस्थ घराण्यांच्या कुलवृत्तांतांत गाववार घराणी पाडून प्रत्येकाची आकृती स्वतंत्र देण्याची पद्धत रूढ आहे. दोन घराण्यांचा समान पूर्वज कागदोपत्री सिद्ध होत नसेल, तर ती वेगळीच ठेवतात. आडनाव व गोत्र एक असणे हा एकवंशाचा पुरेसा पुरावा नव्हे. गावावरून पडलेली आडनावे तर परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक कुळांत आढळतात.

शाखा तोडताना दुवा सुटला, तर काय होते याचे उत्तम उदाहरण दत्तकाचे आहे. दत्तक व्यक्तीस जन्माचे व दत्तकाचे अशी दोन स्थाने असतात. नागपूरच्या पहिल्या रघूजीचा मृत्यू १७५५ मध्ये झाला. त्याच्या चार मुलांपैकी जानोजी वयाने वडील, परंतु धाकट्या राणीचा. मुधोजी थोरल्या राणीचा. त्यामुळे वारशाचा कलह उद्भवला. जानोजीने मुधोजीचा मुलगा रघूजी यास दत्तक घेतले. जानोजीच्या मृत्यूनंतर (१७७२) साबाजी व मुधोजी या भावांत युद्ध जुंपले आणि १७७५ मध्ये पाचगाव येथील लढाईत साबाजी मारला गेला. दुसरा रघूजी (मृत्यू १८१६) केवळ मुधोजीच्या शाखेत दाखविला, तर तो जानोजीच्या गादीवर कसा आला हे कळत नाही. आणि केवळ जानोजीखाली दाखविला, तर मुधोजीने कारभार का चालविला याचा उलगडा होत नाही.

पुढे दुसऱ्या रघूजीचा मुलगा परसोजी १८१७ मध्ये मारला गेला व चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आला. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी त्यास पदच्युत केले. त्यानंतर परसोजीची विधवा दुर्गाबाई हिने दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा बाजीबा यास दत्तक घेतले, हाच तिसरा रघूजी (कार. १८१८–५३). मुलींची नावे वगळणाऱ्या वंशावळीत या राजाचे रक्ताचे नाते दाखविण्यास जागाच उरत नाही. तो निपुत्रिक वारल्यावर गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. नात्यातील यशवंतराव याचे दत्तविधान १८५७ च्या उठावानंतर मान्य होऊन त्यास देऊरचे (जि. सातारा) राजेबहादूर ही पदवी मिळाली, राज्य मात्र परत मिळाले नाही.

स्त्रियांची नोंद : जुन्या वंशावळींत स्त्रियांस क्वचितच स्थान असे; पत्नीचे माहेर लिहिले जाई, मुलीचे नाव बहुधा गाळले जाई. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियमाने मुलीस जन्मतः सहदायकाचा हक्क दिल्याने वारसनोंदीच्या वंशावळीत मुलींची नावे असणे अपरिहार्य ठरले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमातील सपिंड संबंध पित्याकडून पाच व मातेकडून तीन पिढ्यांपर्यंत मोजतात. तोही मातृकुलाच्या नोंदीवाचून ठरविता येत नाही.

संगणकीय वंशावळ : संगणकावर प्रत्येक व्यक्तीची नोंद एकदाच करून नाती दुव्यांनी जोडतात, त्यामुळे दत्तकाची दोन्ही स्थाने एकाच नोंदीतून दाखविता येतात. अशा माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ‘जेडकॉम’ हा आकृतिबंध १९८४ मध्ये तयार झाला. पुढे आंतरजालावर एकच सामाईक वृक्ष अनेकांनी मिळून वाढविण्याची सोय झाली. यात दूरच्या शाखा जुळतात; परंतु एकाने नामसाम्यावरून केलेली चुकीची जोड इतरांच्या वृक्षांतही उतरते व पुनरावृत्तीमुळे खरी भासू लागते. म्हणून सिद्ध शाखांचा एक वृक्ष व तपासाधीन शाखांचे वेगळे वृक्ष ठेवणे, प्रत्येक दुव्यापुढे आधार लिहिणे आणि हयात व्यक्तींची माहिती खुली न करणे, हे नियम पाळणे इष्ट ठरते.

व्यावहारिक महत्त्व : महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी व त्याच्या पडताळणीसाठी अर्जदारास शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते. पुरावा अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा अपेक्षित असतो. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला व सामान्य कुटुंबांतही वंशावळीची चौकशी वाढली. पणजोबाची जुनी नोंद सापडली, तरी तिच्यापासून अर्जदारापर्यंतची प्रत्येक पिढी कागदाने जोडावी लागते. मधली एक कडी निखळली, तर त्या नोंदीचा लाभ अर्जदारास मिळत नाही.