हौशी रेडिओ सामग्री, जुनी
नफ्याचा हेतू न ठेवता, केवळ आवडीपोटी व सरकारी परवान्यानिशी परस्परांशी रेडिओ संदेशवहन करणाऱ्यांना हौशी रेडिओचालक म्हणतात. त्यांपैकी काहीजण निर्वात नलिकांवर (व्हॉल्व्हवर) चालणारे जुने प्रेषक व ग्राही दुरुस्त करून, किंवा जुन्या मंडलानुसार नव्याने बांधून, प्रत्यक्ष वापरतात. अशा सामग्रीचा विचार येथे केला आहे.

भारतात हौशी रेडिओची सुरुवात १९२१ च्या सुमारास कलकत्त्यास झाली. दुसरे महायुद्ध सुरू होताच (१९३९) हौशी चालकांना आपले प्रेषक सरकारजमा करावे लागले. तथापि हाताने प्रेषक बांधण्याचे ज्ञान जप्त करता येत नाही, याचा प्रत्यय १९४२ च्या आंदोलनात आला. उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी मुंबईत चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या यंत्रणेस नरिमन प्रिंटर या हौशी चालकाचे तांत्रिक साहाय्य होते. हे केंद्र सु. ४२ मी. तरंगलांबीवर, म्हणजे हौशी चालकांच्या ४० मी. पट्ट्याच्या परिसरातच, बोलत असे. पोलिसांना माग लागू नये म्हणून त्याची जागा वारंवार बदलण्यात येई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडून ते बंद झाले.

युद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेले संच बाजारात आले. अमेरिकी विमानांतील संच २८ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणारे असल्याने ते घरगुती २३० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर चालविण्यासाठी वेगळे रोहित्र व एकदिशकारक बसवावे लागत. परदेशी तयार संच महाग व दुर्मिळ असल्याने पुढेही बहुतेकांनी स्वतःच संच बांधले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकाने, भंगारातील नभोवाणी संच आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (बंगलोर, स्थापना १९५४) या कारखान्याच्या नलिका यांवर ही हौस पोसली गेली. परिणामी आपल्याकडील जुना संच हा पुष्कळदा कारखान्याचा नसून एका माणसाच्या हातचा असतो.

सर्वांत साधा प्रेषक एका नलिकेचा असतो. क्वॉर्ट्झ स्फटिकाच्या साहाय्याने तीत निश्चित कंप्रतेची (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येची) आंदोलने निर्माण करतात व मोर्स कळीने ती तोडून-जोडून संदेश पाठवितात. कळ दाबताच नलिकेवरील विद्युत् दाब किंचित उतरला, तर कंप्रता सरकते आणि ऐकणाऱ्यास सुरात चिवचिव जाणवते. हा दोष टाळण्यासाठी आंदोलक वेगळा ठेवून त्यापुढे ८०७ सारख्या नलिकेचा शक्तिविवर्धक जोडतात. जाणकार मात्र ही चिवचिव ऐकूनच समोर एका नलिकेचा प्रेषक आहे, हे ओळखतो.

ग्राहीमध्ये पुनर्जनन पद्धतीचा संच नवख्यांच्या विशेष आवडीचा आहे. ई. एच्. आर्मस्ट्राँग यांनी १९१२ मध्ये शोधलेल्या या मंडलात विवर्धित संकेताचा काही भाग पुन्हा नलिकेच्या जालकाकडे नेतात. त्यामुळे एकच नलिका कित्येक नलिकांचे काम करते. परंतु हा पुरवठा मर्यादेबाहेर गेला की ग्राही स्वतःच आंदोलित होऊन शेजाऱ्यांच्या श्रवणात व्यत्यय आणतो.

वर्षानुवर्षे पडून असलेला संच एकदम पूर्ण दाबावर जोडणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय. जुन्या विद्युत् विच्छेद्य धारित्रांतील थर निकामी झालेला असतो. ती तापतात, प्रसंगी फुटतात आणि रोहित्रही जाळतात. ती बदलावीत, अथवा दाब सावकाश वाढवीत पूर्ववत करावीत. कागदी धारित्रे बहुधा बदलणेच इष्ट. प्रेषकातील कित्येक शेकडा व्होल्ट दाब प्राणघातक असून संच बंद केल्यावरही धारित्रांत भार टिकून राहतो. म्हणून त्यांना समांतर रोधक जोडून भार वाहू द्यावा व हात घालण्यापूर्वी दाब मापून पाहावा. काही लष्करी संचांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असतो. तो कधीही खरवडू नये.

अशा संचाला गावखेड्यातही पुरेसा वाव आहे. सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या ठिकाणी सु. २० मी. लांबीची तार मध्ये तोडून सहा-सात मीटर उंचीवर ताणली, की ७ मेगॅहर्ट्झचा आकाशक तयार होतो. त्याचे तरंग बव्हंशी वर जातात आणि दिवसा आयनांबरावरून परावर्तित होऊन सोलापूर, पुणे वा मुंबईस सामान्यतः पोहोचतात. भाषणासाठी जुने संच परमप्रसर विरूपण वापरतात. एकपार्श्वपट्ट पद्धतीच्या सुमारे दुप्पट रुंदी ते अडवीत असल्याने गर्दीच्या वेळी मोर्स वापरणेच सौजन्याचे ठरते. कंप्रतेचे व शक्तीचे बंधन मात्र जुन्या-नव्या सर्वच संचांना सारखे लागू आहे.

कारखान्याच्या संचाची पुस्तिका शोधल्यास मिळते. घरी बांधलेल्या संचाची माहिती फक्त बांधणाऱ्यास असते. त्याच्या पश्चात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरील हा नलिकांचा पसारा घरच्यांना कळत नाही आणि तो किलोच्या भावाने भंगारात जातो. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याने प्रथम तारांचा माग काढून मंडलाचा नकाशा उतरवावा, वेटोळ्यांचे फेरे मोजून लिहावेत, काय बदलले त्याची तारीखवार नोंद करावी व हा कागद पाकिटात घालून संचाच्या पेटीतच आतून चिकटवावा. मात्र नलिकांच्या उष्णतेपासून दूर.