वर्ध्याच्या रानातले हिरवे कर्ज

वर्धा जिल्ह्यात कर्ज हा शब्द कुणी सहज उच्चारीत नाही. कपाशीच्या या मुलखात कर्जापायी किती घरांतला कर्ता माणूस गेला, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांना खास मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. याच जिल्ह्यासाठी पुढे सरकारनेच कर्ज काढले, असे सांगितले तर वाचक दचकतील. पण हे कर्ज निराळे आहे.

हवामान बिघडले म्हणजे शेतकऱ्याचे नेमके काय बिघडते? पाऊस सरासरीत भरतोही. पण चार दिवसांत कोसळतो आणि मग तीन आठवडे तोंड दाखवीत नाही. सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या ऐन वेळी अशी ओढ बसली, की हंगाम हातचा गेलाच! तेव्हा एक-दोन ओलिते मिळाली, तर पीक तरते. शेततळ्याचे आणि तुषार संचाचे सारे मोल एवढ्यातच आहे.

२०१८ साली महाराष्ट्राने यासाठी नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला. वर्ध्यासह १५ जिल्ह्यांतील पाच हजारांवर गावे त्यात आली. जागतिक बँकेने त्याला ४२ कोटी डॉलरचे कर्ज दिले. बँकेकडे तरी एवढा पैसा येतो कुठून? ती जगाच्या बाजारात रोखे विकते. स्वीडनमधील पेन्शन फंडांच्या इच्छेवरून २००८ साली तिने पहिले ‘हरित रोखे’ काढले. हा पैसा हवामानाच्या कामालाच लावू, असे वचन त्यांत होते.

पुढे भारत सरकारनेही तोच मार्ग धरला. जानेवारी २०२३ मध्ये ८,००० कोटींचे हरित रोखे विकले गेले. निम्मे पाच वर्षांचे, ७.१० टक्क्यांचे, निम्मे दहा वर्षांचे, ७.२९ टक्क्यांचे. व्याज साध्या रोख्यांहून किंचितच कमी. पण पैसा कुठे गेला, याचा हिशेब दरवर्षी देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. आपण बँकेत ठेव ठेवतो, विम्याचा हप्ता भरतो. त्यातला बराच पैसा सरकारी रोख्यांतच जातो. तेव्हा दादरच्या किंवा सदाशिव पेठेतल्या गृहिणीलाही हा हिशेब विचारण्याचा हक्क आहे.

आणि विचारण्याजोगे पुष्कळ आहे. संजीवनी प्रकल्पाच्या कर्जाची फेड सरकारकडे. शेतकऱ्याला मिळते ते अनुदान. पण त्यात एक मेख आहे. आधी शेतकऱ्याने स्वतः खर्च करायचा, मग पाहणी व्हायची आणि त्यानंतर पैसे त्याच्या खात्यात. यामुळे मधले हात टळतात, हे खरे. पण ज्याच्या गाठीला काही नाही, त्याने काय करावे? सावकाराचा उंबरठा झिजवावा?

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचे काम चालवणारे जे. सी. कुमारप्पा हे मुळात हिशेबतपासनीस होते. टिकाऊ अर्थव्यवस्था कोणती आणि क्षणिक कोणती, याची झडती त्यांनी घेतली. हरित कर्जाच्या वहीतही आता एक रकाना हवा : शेततळ्याचा पहिला रुपया कुणी घातला, आणि तो कुठून आणला?