चेन्नईचा पूर आणि विमा सर्वेक्षकाची भूमिका

नोव्हेंबर 2015 मध्ये चेन्नईच्या नुंगमबाक्कम केंद्रावर 1,049 मि.मी. पावसाची नोंद झाली. डिसेंबरच्या प्रारंभी पुन्हा अतिवृष्टी झाली. चेंबरमबाक्कम जलाशयातून सोडलेले पाणी अडयार नदीकाठच्या वस्त्या, दुकाने आणि कारखान्यांत शिरले. स्विस री या पुनर्विमा संस्थेच्या अंदाजानुसार एकूण आर्थिक हानी दोन अब्ज डॉलरहून अधिक होती. त्यापैकी विम्याचे संरक्षण असलेली हानी सुमारे 75 कोटी डॉलर. विमाच नसलेल्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. परंतु ज्यांनी विमा उतरवला होता, त्यांच्या भरपाईचा आकडा बव्हंशी सर्वेक्षकाच्या अहवालावर अवलंबून होता.

सर्वेक्षक व हानी मूल्यनिर्धारक हा विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा परवाना असलेला व्यावसायिक असतो. विमा अधिनियम 1938 च्या कलम 64 यूएमनुसार ठरावीक रकमेवरील दाव्यांत त्याचा अहवाल आवश्यक असतो. पूर्वी ही मर्यादा 20 हजार रुपये होती. 2015 च्या विनियमांनी ती वाहन विम्यासाठी 50 हजार आणि इतर विम्यांसाठी एक लाख रुपये केली.

पुरासारख्या आपत्तीत हे काम केवळ मोजणीचे राहत नाही. गोदामातील माल पाण्याने भिजला की आधीच खराब होता, भिजलेल्या यंत्राची दुरुस्ती शक्य आहे काय, घसारा किती वजा करावा, उरलेल्या मालाला काय किंमत येईल, हे सर्व त्याला तपासावे लागते. पाण्यात उभ्या असलेल्या मोटारीचे इंजिन मालकाने सुरू करण्याचा प्रयत्न केला, तर त्यातून झालेला बिघाड ही 'परिणामी हानी' मानून सामान्य पॉलिसीत भरपाई नाकारली जाते. त्यामुळे बिघाडाचे कारण शोधणे हेच निर्णायक ठरते.

अपुऱ्या विम्याचा फटका अनेकांच्या ध्यानात येत नाही. माल 20 लाखांचा, विमा 10 लाखांचा आणि नुकसान चार लाखांचे असेल, तर सरासरीच्या अटीनुसार भरपाई केवळ दोन लाख रुपये मिळते. विमाधारकाला हा अन्याय वाटतो. परंतु त्याने हप्ताही अर्ध्याच मालाचा भरलेला असतो.

खरा पेच वेगळा आहे. सर्वेक्षकाची नियुक्ती विमा कंपनी करते आणि शुल्कही तीच देते. तरीही त्याने निःपक्ष राहावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 2009 मधील दोन निर्णयांत समतोल साधला. 'न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार' या प्रकरणात सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, असे सांगितले गेले. 'श्री वेंकटेश्वर सिंडिकेट' प्रकरणात, सबळ कारणाशिवाय एकामागून एक सर्वेक्षक नेमण्यास कंपनीला मनाई झाली. 2024 च्या निर्देशांनी कालमर्यादाही आवळली: दावा नोंदवल्यापासून 24 तासांत सर्वेक्षकाची नियुक्ती आणि नियुक्तीनंतर 15 दिवसांत अहवाल.