बोचकं ठेवायचं कुठे?

जानेवारीत ब्लँकेटं वाटून गेलेली मंडळी फेब्रुवारीत पुन्हा येतात आणि आमच्यावरच उखडतात, "विकून खाल्ली वाटतं!" काहींनी विकलेलीच असतात. सकाळी नाक्यावर कामासाठी उभं राहायचं, तर एवढं धूड दिवसभर सांभाळणार कोण? काखेत गाठोडं दिसलं की मुकादम दुसऱ्याला उचलतो. मुंबईच्या फूटपाथवर बेघरांसाठी काम करताना हे गणित आधी समजून घ्यावं लागतं.

रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवा की, असं एका दात्याने सुचवलं होतं. तिथे प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि सामानाला कुलूप लागतं. चादरीच्या बोचक्याला कुलूप घालायचं कुठे, हे त्यांनाच विचारलं.

बेघरांची क्लोकरूम म्हणजे ओळखीचा टपरीवाला, नाहीतर सार्वजनिक शौचालयाचा राखणदार. भायखळ्याकडचा एक टपरीवाला बाकड्याखाली बोचकी ठेवून घ्यायचा. दिवसाला दहा रुपये. अट एकच, आत खाण्याचं काही नको, उंदीर होतात. एक मावशी गाठीला लाल चिंधी बांधायच्या. संध्याकाळी आल्या की आधी गाठ तपासणार, मग चहा मागणार. तो रागवायचा नाही. पण तो गावाला गेला की सगळ्यांची पंचाईत.

फूटपाथ रिकामे करणारी पालिकेची 'गाडी आली' अशी हाळी उठली की बाया मुलांच्या आधी पिशवी उचलतात. बघणारे नावं ठेवतात. अहो, मुलं पळू शकतात! त्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, पोराचा शाळेचा दाखला असतो, प्लास्टिकमध्ये दोन-तीनदा गुंडाळलेला. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला, पण फूटपाथ काही राहण्याची जागा ठरली नाही. म्हणून गाडी येतेच. भांडी गेली तर पुन्हा घेता येतात. कागद नव्याने काढायला गेलं की पहिला प्रश्न पत्त्याचा! कागद डिजिलॉकरमध्ये ठेवा, असंही सांगून पाहिलं. तो उघडायला ओटीपी येतो मोबाइलवर, आणि झोपेत सगळ्यात आधी चोरीला जातो तो मोबाइलच.

केंद्राच्या बेघरांसाठीच्या योजनेत शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा निवारा आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली होती. आमच्या निवाऱ्यात लोखंडी कप्पे आले तेव्हा वाटलं, सुटलो! सुरुवातीला निम्मे रिकामेच राहिले. किल्ली ठेवायची कुठे? शेवटी एका आजोबांनी ती करदोड्यात ओवली. बघता बघता सगळ्यांनी तेच केलं. आता सकाळी आंघोळीच्या रांगेत किल्ल्या खुळखुळतात.

किल्ल्या हरवतात म्हणून एक-एक जादा किल्ली कार्यालयात ठेवायचा नियम काढला, तर आजोबा सरळ म्हणाले, "साहेब, तुमच्या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

नियम मागे घेतला. अधूनमधून एखादं कुलूप तोडावं लागतं, तेवढंच.