पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना वारंगा फाटा मागे पडला की आखाडा बाळापूर येतं. कळमनुरी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव, भोवती हळद-सोयाबीनचा टापू. पहाटे रस्त्याच्या कडेनं पोरं-पोरी पळताना दिसतात, ती पोलीस भरतीची. ऊन वर आलं की त्यांतली बरीचशी अभ्यासिकेत जाऊन बसतात. मोबाइल चार्जिंगचा बोर्ड, प्लायवूडनं पाडलेले कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात चालू घडामोडींचा गठ्ठा. शिपाई भरतीत मैदानाचे 50 गुण आणि लेखीचे 100. लेखीत 90 मिनिटांत 100 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. मैदान मारलेली पोरं लेखीत मागे पडतात, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दिवसभर बसून वाचन चालतं.

ही पोरं अभ्यास नेमका कसा करतात, हे बघायला मी या अभ्यासिकेत बसत असे. मेहनतीत कुणी कमी नाही. पण बहुतेकांचा अभ्यास म्हणजे तेच पुस्तक पुन्हा वाचणं. पहिल्या वाचनाला पेन्सिल, दुसऱ्याला पिवळा मार्कर, तिसऱ्याला गुलाबी. एका पोराला विचारलं, "पंचायत राज झालं का?" "तीनदा झालंय की." "मग पुस्तक मिट आणि ग्रामसभेबद्दल सांग." दोन वाक्यांत तो थांबला. "वाचताना सगळं येतंय काका, पण मिटलं की ध्यानात राहिना." त्याच्या कष्टात खोट नव्हती. पान ओळखीचं झालं होतं, आणि ओळख पटली की विषय आला असं वाटतं. पेपरात मात्र पान समोर नसतं.

त्याच खोलीत भिंतीकडच्या कप्प्यातली एक मुलगी वेगळं काही करत होती. तिच्या वहीचं प्रत्येक पान मधोमध उभं दुमडलेलं. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. उजवी बाजू झाकायची, कोऱ्या कागदावर उत्तर लिहायचं, मग उघडून लाल पेनानं तपासायचं. मी पाहिलं त्या दिवशी जिल्हानिर्मिती चालू होती. वाशिम आणि हिंगोली यांची तारीख ती पुन्हा पुन्हा अदलाबदल करत होती. "दोन्ही शेजारी-शेजारी, दोन्हींत एकाच सालाचा फरक, म्हणून गोंधळ व्हायला," असं म्हणाली. मग तिनं आधी आपला जिल्हा पक्का केला. हिंगोली 1 मे 1999 ला परभणीतून निघाला, म्हणजे महाराष्ट्र दिन. त्याच दिवशी भंडाऱ्यातून गोंदिया. त्याच्या आदल्या वर्षी, 1 जुलै 1998 ला, अकोल्यातून वाशिम आणि धुळ्यातून नंदुरबार. जालना आणि सिंधुदुर्गही 1 मेचेच, पण साल 1981. सुट्या तारखा तिनं अशा एकमेकींना बांधल्या. नंतर कागद उलटा करून सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहून काढलं. या वेळी एकच लाल खूण पडली.

लाल खूण पडलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. बरोबर आलेला तीन-चार दिवस बाजूला राहतो. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी आठवड्याची सगळी पानं एकदा झाकून तपासायची, हा तिचा नेम. सेबास्टियन लाइट्नर या जर्मन पत्रकारानं 1972 मध्ये कार्डांच्या पेटीची जी पद्धत मांडली, तिचं तत्त्व हेच. चुकलेलं लवकर विचारायचं, जमलेलं उशिरा. या मुलीला ते नाव माहीत नाही. मागच्या भरतीत थोडक्यात राहिलेल्या तिच्या मोठ्या बहिणीनं तिला ही वही घालून दिली आहे.

पद्धत खरी आहे याला पुरावा आहे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चार वेळा वाचला. काहींनी एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरलं होतं आणि आठवणाऱ्यांकडे 61. मला यातला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. वाचणाऱ्याला त्या घडीला खरोखरच जास्त येत असतं, म्हणून तर तो वाचत राहतो.

न बघता आठवून म्हणणं आपल्याकडे नवीन नाही. याच जिल्ह्यात संत नामदेवांचं नर्सी आहे. वारकरी घरांत हरिपाठ पाठ करायला म्हणून कुणी बसत नाही. रोज संध्याकाळी म्हणायचा, अडलं तिथं शेजारचा पुढचा शब्द देतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच परीक्षा. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथंही पाठांतरावर भर. कीर्तनात उभं राहिल्यावर प्रमाण तोंडातून यावं लागतं, पोथी उघडायला सवड नसते. जुन्या शाळेतली पावकी-निमकीही अशीच मोठ्यानं म्हणून घेतली जायची. घोकंपट्टी म्हणून आपण हे सगळं एकदम टाकून दिलं. अर्थ न समजता घोकणं टाकायलाच हवं होतं, पण त्याबरोबर न बघता म्हणून दाखवायची सवयही गेली, हे नुकसान मोठं आहे.

गणिताचं दुखणं थोडं निराळं. पोरं एक प्रकरण धरतात आणि काळ-काम-वेगाची पन्नास गणितं ओळीनं सोडवतात. दहाव्यानंतर हात आपोआप चालतो, कारण कोणती रीत लावायची हे ठरवावंच लागत नाही. पेपरात शेकडेवारीनंतर रेल्वे आणि पूल, त्यानंतर नफा-तोटा येतो, आणि तिथं 54 सेकंदांतला अर्धा वेळ रीत ओळखण्यात जातो. रोरर आणि टेलर यांच्या 2007 च्या प्रयोगात एकाच प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांना सरावात 89 टक्के आणि मिसळून सोडवणाऱ्यांना 60 टक्के जमली. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाल्यांचे 20 टक्के आले, मिसळवाल्यांचे 63. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात, त्या याचसाठी.

मग पोरं हे का करत नाहीत? कारण याचा त्रास होतो. कोरा कागद समोर घेतला की आपल्याला काय येत नाही ते लगेच दिसतं. घरचे हळद काढायला, शिजवायला बोलावत असताना अभ्यासाला बसलेल्या पोराला ते बघवत नाही. पिवळा मार्कर जिवाला धीर देतो. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मैदानावर हीच पोरं सव्वासात किलोचा गोळा रोज फेकतात, रोज टेपनं मोजतात आणि कमी पडला तर उद्या पुन्हा फेकतात. लेखीच्या अभ्यासात ती मोजपट्टी त्यांच्या हातात कुणी दिलेलीच नाही.

अडचण जागेचीही आहे. अभ्यासिकेत बोलायला बंदी असते, ते बरोबरच आहे. पण एकमेकांना प्रश्न विचारायला, धडा आपल्या शब्दांत समजावून सांगायला पोरांनी जायचं कुठं? ती भिंतीकडची मुलगी आणि तिची मैत्रीण बाहेर जिन्यावर बसून एकमेकींची वही तपासतात. ऊन आलं की तेही बंद. ग्रामपंचायती, महाविद्यालयं आणि अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की वाचायच्या खोलीला लागून एक बोलायची खोली द्या. एक फळा, दोन सतरंज्या आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा एवढ्यावर ती सुरू होते.