दाब नेहमीचा, तरी मेंदू चेपला!

आमच्या नात्यातले एक आजोबा धुळ्याला पांझरेच्या काठी रोज फिरायला जात. एका वर्षी त्यांची चाल बिघडली. पाय जणू जमिनीला चिकटत. पुढे लघवी आवरेना, मग नातवंडांची नावे आठवेनात. घरचे म्हणाले, वय झाले!

विद्यार्थी मित्रांनो, स्मृतिभ्रंश म्हटले की अल्झायमरच आठवतो. आजोबांचा आजार मात्र निराळा होता. नाव लांबलचक आहे, 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस'. मर्म मात्र तुमच्या 'दाब' या धड्यात आहे.

मेंदूतल्या पोकळ्यांत पाण्यासारखा द्रव असतो. रोज सुमारे अर्धा लिटर तयार होतो, तितकाच रक्तात शोषला जातो. शोषण मंदावले की पोकळ्या फुगतात. गंमत अशी, की सुईने मोजला तर दाब जवळपास नेहमीइतकाच! मग मेंदू चेपतो कसा? कोलंबियातील शस्त्रवैद्य सालोमोन हाकिम यांनी पास्कलचा आधार घेतला. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. पोकळी मोठी झाली की तेवढ्याच दाबाने तिच्या भिंतीवर एकूण बल जास्त पडते. १९६५ साली हा आजार जगापुढे आला. (हाकिम यांच्या स्पष्टीकरणात पुढे बरीच भर पडली, पण सुरुवात अशी सुरेख!)

उपायही नळकामाचाच. जळगावकडच्या केळीबागांतल्या ठिबकच्या नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. तशीच, पण फार बारीक नळी जादा द्रव मेंदूतून पोटात सोडते. मध्ये ठरावीक दाबालाच उघडणारी झडप.

आजोबांच्या कमरेतून आधी थोडा द्रव काढून पाहिला. दुसऱ्या दिवशी पाऊल मोकळे पडले, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. सर्वांनाच गुण येतो असे नाही, उशीर झाल्यास तर कमीच. आजोबा पुन्हा पांझरेवर जातात. नावे मात्र अजून अधूनमधून चुकतात.